जुन्या लॅपटॉपची निगा

मृगाचा पाऊस कोसळण्यापूर्वी कोकणातला माणूस घर शाकारून घेतो. फुटकी कौले बदलतो, पन्हळी साफ करतो आणि त्याच घरात पुढे वर्षानुवर्षे राहतो. दोन ठिकाणी गळले म्हणून घर पाडायला कोणी निघत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपले वागणे निराळे असते. यंत्र पाच-सहा वर्षांचे झाले, सुरू व्हायला वेळ घेऊ लागले, की ‘आता हे बाद झालं, नवं घ्या’ असे आपण सहज म्हणून जातो. मला आज एवढेच सांगायचे आहे, की मंद झालेले यंत्र पुष्कळदा झिजलेले नसते, कुठेतरी अडलेले असते. आणि ते कुठे अडले आहे हे पाहिल्यावाचून त्यावर पैसा खर्च करू नये.

हा प्रश्न आपल्याकडे नुसत्या सोयीचा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत लॅपटॉप येतो तो दुकानातून नव्हे, मुंबईच्या चाकरमान्याच्या पिशवीतून. गणपतीला येताना काका आपला वापरलेला लॅपटॉप पुतणीसाठी घेऊन येतो. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग पडद्यावर भरू लागले, तेव्हा या यंत्राची किंमत घरोघर कळली. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रकल्पाचे लेखन, सगळे त्याच्यावर. मोबाईलवर वाचता येते, पण पन्नास पानांचा प्रकल्प लिहिणे कठीण. अशा घरात ते यंत्र बंद पडले, तर दुसरे येईलच असे नाही. मुलीचे काम तिथेच अडते.

म्हणून पहिले काम वेगाचे नव्हे, जपणुकीचे. यंत्राला हात लावण्यापूर्वी आपले लेखन, प्रमाणपत्रे, फोटो यांची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. जुनी डिस्क केव्हा दगा देईल हे सांगता येत नाही.

मग यंत्र एकदा ‘रीस्टार्ट’ करा. आपण म्हणाल, रोज तर बंद करतो! पण विंडोजमध्ये नेहमीच्या ‘शट डाउन’ने यंत्र पुरते विसावतेच असे नाही. पुढच्या वेळी लवकर जागे होता यावे म्हणून ते आपली काही अवस्था जपून ठेवते. ‘रीस्टार्ट’ने पाटी कोरी होते, आणि कित्येकदा एवढ्यानेच काम भागते.

न भागल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. ‘टास्क मॅनेजर’ नावाची चौकट उघडेल. तिच्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात आणि प्रत्येकावर टक्केवारी. काम अडलेले असताना कोणता रकाना शंभराकडे झुकतो ते पाहा. वैद्याने नाडी पाहावी तसे हे आहे. औषध नंतर.

मेमरी, म्हणजे रॅम, हे आपले लिहिण्याचे मेज समजा, आणि डिस्क हे फडताळ. मेज लहान असेल तर प्रत्येक कागदासाठी फडताळाकडे खेपा घालाव्या लागतात. ४ जीबी रॅमच्या यंत्रावर इंटरनेटची वीस पाने एकदम उघडी ठेवली, की नेमके हेच होते. न लागणारी पाने मिटवा. त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ असा भाग आहे. यंत्र सुरू होताच न बोलावता जागे होणारे प्रोग्रॅम तिथे दिसतात. ओळखीचे आणि गरजेचे नसतील तेवढे थांबवा. सुरक्षेचे आणि टचपॅडचे मात्र राहू द्या. पुष्कळ लॅपटॉपांत रॅम ८ जीबीपर्यंत वाढवता येते; काहींत ती पक्की डाखलेली असते, तेव्हा आधी विचारून घ्यावे.

डिस्कचा रकाना सतत शंभरावर असेल, तर बहुधा आत जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क आहे. तिच्यात तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा फिरते आणि एक बारीक दांडी ग्रामोफोनसारखी जागा शोधत हिंडते. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, म्हणून माहिती फार लवकर हाती येते. जुन्या लॅपटॉपवर एकच खर्च करायचा झाला, तर तो बहुतेक वेळा याच बदलावर करावा; नव्या यंत्राच्या मानाने तो पुष्कळच कमी पडतो. तोवर निदान जागा मोकळी करा. रीसायकल बिन, डाउनलोड, पाहून झालेले व्हिडिओ काढून टाका आणि ‘सी’ ड्राइव्हचा साधारण पाचवा हिस्सा रिकामा राहू द्या.

कधी कधी यंत्र सकाळी ठीक चालते आणि तासाभराने रेंगाळू लागते. तेव्हा उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसर फार तापला, की स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो. पंख्यात धूळ आणि कपड्याचे तंतू साचले, किंवा लॅपटॉप गोधडीवर ठेवून वापरला, की गरम हवेला वाट उरत नाही. यंत्र टणक, सपाट जागी ठेवा. ते पूर्ण बंद करून, पंख्याचे पाते काडीने अडवून, हवेच्या फवाऱ्याने धूळ उडवा. प्रोसेसरवरचा लेपही वर्षांनी सुकतो. तो बदलण्याचे काम जाणत्या कारागिराकडे द्यावे.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारी, दमट हवा. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हवेतले मीठ ओल धरून ठेवते आणि धातूचे सांधे गंजवते. म्हणून पावसाळ्यात यंत्र पेटीत कोंडून ठेवू नका. दोन-चार दिवसांनी तासभर चालवा, म्हणजे आतल्या उबेने ओल जाईल. उन्हात मात्र वाळत घालू नका. लॅपटॉप म्हणजे आमसुले नव्हेत! आणि वळवाच्या वा ऑक्टोबरच्या गडगडाटात चार्जर भिंतीतून काढून ठेवा.

एक धोक्याची खूण सांगतो. कळफलक किंवा टचपॅड वर उचललेला दिसला, तर बॅटरी फुगली असण्याचा संभव आहे. यंत्र ताबडतोब बंद करा, चार्ज करू नका, बॅटरीला टोचू नका. कारागीर गाठा.

वेग वाढवून देतो म्हणणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहा. असे कित्येक प्रोग्रॅम स्वतःच ओझे होतात, काही तर चोर असतात. ‘आपल्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आहे’ असा फोन आला, तर बोलणे न वाढवता ठेवून द्यावा. विंडोजमध्ये असलेल्या सुरक्षा-प्रोग्रॅमने अधूनमधून पूर्ण तपासणी करणे घरगुती वापराला सहसा पुरते.

येथे एक अडचण आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ पुष्कळ जुनी यंत्रे स्वीकारत नाही. यंत्र धडधाकट, पण सुरक्षा जुनी, अशी ही अवस्था. तिच्यावर एक वाट लिनक्सची. ही प्रणाली फुकट मिळते, तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रावर चालतात आणि तिच्यात मराठी लिहिता येते. केरळातल्या सरकारी शाळांनी तिचा वापर मोठ्या प्रमाणावर करून दाखवला आहे. ती पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येते. पटली तरच बसवावी. मात्र आपल्याला लागणारा एखादा प्रोग्रॅम तिच्यावर चालतो का, हे पाहून घ्यावे.

प्रत्येक यंत्र वाचतेच असे नाही. मुख्य फलकच गेला असेल आणि दुरुस्ती नव्याच्या निम्म्याला पोचत असेल, तर हट्ट धरू नये. पण ते भंगारात देण्याआधी आपली माहिती पुसा, आणि शक्यतो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्या. बॅटरीतली द्रव्ये आपल्या मातीत आणि विहिरीत उतरता कामा नयेत.

तेव्हा क्रम ध्यानात ठेवावा. आधी प्रत काढणे, मग रीस्टार्ट, मग निदान, मग साफसफाई, आणि खर्च सर्वांत शेवटी. यातली पहिली चार कामे रविवारच्या एका दुपारी, बिनपैशाची, घरच्या घरी होतात. मुलांनाच ती करायला सांगा. यंत्र वापरणाराला यंत्राची निगा ठाऊक असावी, हेही शिक्षणच आहे.