मेलेला उंदीर उघड्या हातानं उचलू नका



ऑगस्ट १९९४. बीड जिल्ह्यातलं मामला गाव.
घरांत उंदीर मरून पडू लागले.
पिसवा चावू लागल्या.
मग ताप आला, जांघेत गाठी आल्या. प्लेगचा संशय बळावला.

आदल्या वर्षी किल्लारीचा भूकंप झाला होता. माणसं भीतीनं घराबाहेर राहत होती. आत साठवलेलं धान्य उंदरांना आयतंच मिळालं.

उंदीर मेला, की पिसू त्याचं अंग सोडते आणि माणसाकडे वळते.
म्हणून मेलेला उंदीर उघड्या हातानं उचलायचा नाही.

घरात उंदीर आहे, हे ओळखायचं कसं?
तांदळाएवढ्या काळ्या लेंड्या. भिंतीकडेला तेलकट डाग. रात्री माळ्यावर खुडबुड.
अंगणात उकरलेल्या मातीचा ढीग असेल, तर बहुधा घूस.

ज्वारी-बाजरी झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवावी.
बिळं काचेचे तुकडे आणि सिमेंटनं बुजवावीत.
उंदीर भिंतीच्या कडेनं पळतो, म्हणून पिंजराही भिंतीला लागूनच ठेवावा.

पुन्हा सांगतो, श्रोतेहो. मेलेला उंदीर उघड्या हातानं उचलायचा नाही.
एकाच वेळी बरेच उंदीर मेलेले दिसले, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा.