डिपॉझिट, किल्ली आणि जात



१९१७ साली परदेशातून शिकून बडोद्यात नोकरीला आलेल्या बाबासाहेबांना पारशी सराईतून लाठ्या दाखवून बाहेर काढलं. बंगळुरूत आज आपल्याला लाठी दिसत नाही. आडनाव विचारतात, व्हेज की नॉनव्हेज विचारतात, मग दहा महिन्यांचं डिपॉझिट मागतात. भाडं वीस हजार, तर दोन लाख. घरातले पहिले पदवीधर आपण. हे पैसे आईच्या दागिन्यांवर आणि बचतगटाच्या कर्जावर उभे राहतात.

माझे एक घरमालक मी नसताना स्वतःच्या किल्लीने आत येऊन स्वयंपाकघर बघून जायचे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला आणि महिन्याभरात घर खाली करायला सांगितलं. वर रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापलं.

केंद्राचा २०२१चा आदर्श भाडेकरू कायदा सांगतो: राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं, आत यायचं तर २४ तास आधी कळवायचं, सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर यायचं नाही. पण हा नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. म्हणून याच अटी करारात लिहून घ्या. डिपॉझिट बँकेतूनच द्या. राहायला जाताना आणि सोडताना भिंती-नळांचे व्हिडिओ काढा. कपातीची बिलं मागा.

आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत राहायला अडवणं हा १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. नकाराचे मेसेज पुसू नका.

भाडं आपण भरतो. तेवढे दिवस ते घर आपलं आहे. जय भीम.