बर्फावर पाय ठेवायचा की नाही? उपग्रह काय सांगतो, काय सांगत नाही

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करू.

आज आपण जरा लांब जाणार आहोत. कॅनडाच्या पार उत्तरेला नुनावुत नावाचा प्रदेश आहे. तिथे बहुतेक वस्ती इनुइट लोकांची. गावं २५, पण गावांना जोडणारे रस्ते नाहीत. मग लोक जातात कसे? विमानाने, उन्हाळ्यात बोटीने, आणि वर्षातले कित्येक महिने चक्क गोठलेल्या समुद्रावरून. स्नोमोबाईल काढायची, मागे लाकडी घसरगाडी बांधायची आणि निघायचं. शिकारीला, मासेमारीला, शेजारच्या गावातल्या नातेवाइकांकडे. म्हणजे आपण ज्याला ‘समुद्री बर्फ’ म्हणतो, तो त्यांच्यासाठी हायवे आहे.

हा हायवे वाचायचं शास्त्र तिथल्या जुन्या लोकांकडे आहे. बर्फाचा रंग कसा आहे, पायाखाली आवाज कसा येतो, टोकदार काठी टोचली तर किती आत जाते. बर्फाच्या वेगवेगळ्या अवस्थांना त्यांच्या भाषेत वेगवेगळे शब्द आहेत. पिढ्यान् पिढ्या हे ज्ञान चाललं.

आता अडचण बघा. १९७९ पासूनचं तापमान तपासलं तर आर्क्टिक भाग जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलाय. बर्फ उशिरा धरतो, लवकर सुटतो, आणि जिथे आजोबांच्या काळात हमखास पक्का असायचा तिथेच पातळ निघतो. आजोबांचं ज्ञान चुकीचं नाही हो, खालची जमीनच बदलली. म्हणजे जमीन नाहीच, पाणी!

याचा अर्थ माणसांच्या आयुष्यात काय होतो? लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर नेन नावाचं इनुइट गाव आहे. २००९-१० चा हिवाळा तिथे विचित्र गरम गेला. नंतर लोकांना विचारलं तेव्हा बाराजणांमागे जवळपास एकाने सांगितलं, की त्या हिवाळ्यात मी बर्फ फुटून पाण्यात पडलो होतो. बारात एक! तुमच्या कट्ट्यावरचे बाराजण डोळ्यांसमोर आणा.

इथे उपग्रह कामाला येतो. पण कुठला? साधा कॅमेरा असलेला नाही. ध्रुवाजवळ हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही, आणि उगवला तर ढग. म्हणून लागतो रडारवाला उपग्रह. तो स्वतःच रेडिओ लहरी खाली सोडतो आणि किती परत येतात ते मोजतो. अंधार असो, ढग असो, त्याला फरक पडत नाही. युरोपियन स्पेस एजन्सीचे ‘सेंटिनेल-१’ उपग्रह हेच करतात, सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून. आणि त्यांचा डेटा सगळ्या जगाला फुकट आहे.

आता माझी आवडती गोष्ट. ‘सिकू’ नावाचं एक ॲप आहे. सिकू म्हणजे त्यांच्या भाषेत समुद्री बर्फ. हडसन उपसागरातल्या सानिकिलुआक गावच्या एका संस्थेने ते २०१९ मध्ये आणलं. त्यात सेंटिनेलची चित्रं दिसतात. वर तिथले लोक स्वतःची माहिती टाकतात: इथे भेग आहे, इथे बर्फ धोक्याचा आहे, आणि बर्फाला त्यांच्या भाषेतलीच नावं. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घेता येतो, कारण बर्फावर रेंज कुठली मिळायला!

तुम्ही म्हणाल, संपला की प्रश्न. चित्र बघा आणि निघा.

नाही ना! रडारच्या चित्रात खडबडीत बर्फ उजळ दिसतो, गुळगुळीत बर्फ काळा. का? आरशावर तिरका टॉर्च मारून बघा. उजेड तुमच्याकडे परत येत नाही, पलीकडे निघून जातो. गुळगुळीत बर्फाचं तसंच. पण वारा पडलेला असेल तर शांत, उघडं पाणीसुद्धा काळंच दिसतं! एकावर गाडी चालते, दुसऱ्यात माणूस बुडतो, आणि चित्रात दोघे सारखे. त्यात वरचा बर्फ वितळून ओला झाला की चित्र आणखी गोंधळतं. शिवाय बर्फ कुठे आहे हे चित्रावरून कळतं, किती जाड आहे ते नीट कळत नाही.

म्हणून ‘स्मार्टआइस’ नावाचा उपक्रम गावातल्याच तरुणांना प्रशिक्षण देतो. ते घसरगाडीवर एक यंत्र बांधून बर्फावरून फिरतात. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, बर्फ नेत नाही. त्या फरकावरून यंत्र जाडी मोजतं. वरून उपग्रह, खालून यंत्र, आणि दोन्हींचा अर्थ लावायला गावातली जाणती मंडळी. या तिन्ही गोष्टी जमल्या की मग निर्णय. यातली एक काढा, बाकीच्या दोन अपुऱ्या.

आणि कधीकधी एक खरंच निघून जाते. डिसेंबर २०२१ मध्ये सेंटिनेल-१ च्या जोडीतला दुसरा उपग्रह, १बी, वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे बंद पडला. खूप प्रयत्न झाले, पण २०२२ मध्ये तो संपल्याचं जाहीर करावं लागलं. बदली उपग्रह, १सी, वर गेला डिसेंबर २०२४ मध्ये. मध्ये तीन वर्षं! बर्फाला थांबा म्हणून सांगता येत नाही. म्हणून मला वाटतं, नवा उपग्रह सोडताना आपण टाळ्या वाजवतो, पण खरी परीक्षा तो बंद पडल्यावर मागे दुसरा तयार आहे का, ही असते.

आपला यात काही संबंध? आहे. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून ‘निसार’ निघाला, इस्रो आणि नासाचा मिळून बनवलेला रडार उपग्रह. १२ मीटर रुंदीचा ॲन्टेना, आणि १२ दिवसांच्या फेरीत पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची आणि हिमस्तरांची दोनदा पाहणी. त्याची नजर मुद्दाम अंटार्क्टिका नीट दिसेल अशी ठेवलीय, कारण आर्क्टिक बघणारे दुसरे रडार उपग्रह आहेत. अंटार्क्टिकावरची आपली ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही केंद्रं चालतात कुठून माहितीये? गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून.

आणि अगदी घरचं उदाहरण हवं असेल तर कोकणात बघा. मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे याची सूचना हैदराबादची ‘इनकॉइस’ संस्था उपग्रहांच्या माहितीवरून काढते. तिथेही गोष्ट तीच. सूचना कोळीबांधवांपर्यंत त्यांच्या भाषेत आणि होडी सुटायच्या आत पोचली, तर तिचा उपयोग. संध्याकाळी पोचली तर ती नुसती माहिती.

तर मंडळी, उपग्रह बर्फ वाचवत नाही. ते काम आपण धूर किती सोडतो त्यावर ठरणार. उपग्रह मधल्या काळात माणसं वाचवायला मदत करतो, आणि तीसुद्धा शेवटचा माणूस ते चित्र वाचू शकला तरच. चित्रांवरचा खर्च जगाने खूप केलाय. त्या शेवटच्या माणसावर तेवढाच करायला हवा, असं माझं मत. तुमचं काय? नक्की सांगा.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, काळजी घ्या!