तसबिरीतला कोट

परळला आमच्या चाळीतल्या खोलीत आजोबांची एक तसबीर आहे. काळा कोट, बंद गळा, चेहरा गुळगुळीत. आजोबा गिरणीत साच्यावर कामाला होते. १९६१ साली ते वारले, तेव्हा ही तसबीर करून गावी आजीकडे पाठवली. आजीने ती पाहिली आणि म्हणाली, “ह्यो कोट खंयसून इलो?”

आजीचं बरोबर होतं. आजोबांनी जन्मात कोट घातला नाही. त्यांचा एकट्याचा फोटोच नव्हता. होता तो भजनी मंडळाचा, बावीस जणांचा. मागच्या रांगेत आजोबा, हातात टाळ. परळच्या एका स्टुडिओवाल्याने त्या फोटोचा पुन्हा फोटो घेतला, आजोबांचं डोकं तेवढं मोठं केलं आणि गळ्याखाली कुंचल्याने कोट रंगवला. अशा कोटवाल्या तसबिरी लालबाग-परळच्या कितीतरी घरांत होत्या. त्यात फसवणुकीचा हेतू नव्हता. गेलेला माणूस ऐपतदार दिसावा, एवढीच इच्छा. पण आजोबांच्या कपाळावर, धोटा उडून लागल्याचा, मोठा व्रण होता. कारागिराने तोही पुसून टाकला. आजीला कोटापेक्षा ते जास्त लागलं.

लहानपणी मला वाटे, भजनी मंडळाच्या फोटोत तो व्रण सापडेल. त्यात चेहरा तुरीच्या डाळीएवढा. मंडळाने १९७४ साली स्मरणिका काढली, तीत हाच फोटो छापला होता. मी भिंग घेऊन आधी स्मरणिका पाहिली, तर काय? चेहरा नाहीच! नुसते काळे ठिपके.

हे ठिपके समजून घेण्यासारखे आहेत. छापखान्याला करडा रंग छापता येत नाही. त्याच्याजवळ शाई काळी आणि कागद पांढरा. म्हणून पूर्वी बारीक रेघा आखलेल्या काचेच्या जाळीतून फोटोचा फोटो घेत. गडद जागी ठिपका मोठा, फिकट जागी लहान. त्यावरून जस्ताचा किंवा तांब्याचा ठसा कोरला जाई; त्याला ब्लॉक म्हणत. लांबून पाहिलं की आपला डोळा ठिपके एकमेकांत मिसळून करडा रंग बनवतो. वर्तमानपत्राच्या कागदाला इंचात साठ ते पंच्याऐंशी रेघांची जाळी चाले, गुळगुळीत कागदाला दीडशेची. आता ब्लॉक गेले, ऑफसेट आलं, पण ठिपके आहेतच. गुरुजनहो, वर्गात एखादं भिंग न्या आणि मुलांना वर्तमानपत्रातलं रंगीत चित्र दाखवा. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा, एवढ्या चार शायांत सारी दुनिया बसवलेली दिसेल.

मुंबईला छपाई काही नवी नव्हती. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली इथे शिळाप्रेसवर पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील कागद शिवेनात, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, असं सांगतात. पण छायाचित्र आणि छपाई ही दोन्ही शास्त्रं एका माणसाच्या हातात आलेली पाहायची, तर परळच्या शेजारी दादरला जावं लागेल. दादासाहेब फाळके आपल्याला सिनेमामुळे ठाऊक आहेत. त्याआधी ते फोटोग्राफर होते, ब्लॉक करणारे होते, मुद्रक होते. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते जर्मनीला गेले होते. पुढे कुंडीत वाटाणा पेरून, रोप वाढेल तसतशी एकेक चौकट टिपून, त्यांनी अंकुर फुटतानाचा छोटा चित्रपट केला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावात लोकांपुढे आला, तो या वाटाण्यानंतर. मला स्वतःला वाटाण्याचं कौतुक जास्त वाटतं.

असो. मूळ फोटो शेवटी मला एका पत्र्याच्या ट्रंकेत, आरतीच्या पुस्तकाखाली मिळाला. फुलप्लेट आकाराचा, म्हणजे साडेसहा इंच बाय साडेआठ. त्या काळी असा फोटो मोठा करून काढत नसत. तेवढ्याच काचेवर किंवा फिल्मवर तो उमटे आणि ती कागदाला चिकटवून प्रत निघे. त्यामुळे बारीकसारीक तपशील राहतो. चांदीच्या क्षाराला उजेड लागला की तो काळा पडतो, एवढंच त्याचं मर्म. उरलेला क्षार हायपोच्या पाण्यात धुऊन टाकतात. हायपो नीट धुतला गेला नाही की काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो. आमचा एका कडेनं पडलाच आहे.

तो स्कॅन केला, संगणकाच्या पडद्यावर मोठा केला. डाव्या भुवईच्या वर, तिरका, व्रण होता. आजी हयात नव्हती.

दुसरी गंमत ऐका. पुतणीने तोच फोटो मोबाइलने टिपला, तर मोबाइलने चेहरे आपणहून उजळ करून व्रण परत पुसला! जुना कारागीर निदान पैसे घेऊन पुसत असे. ती सोय मोबाइलमध्ये बंद करता येते, ती आधी बंद करावी. फोटो ओसरीच्या सावलीत सपाट ठेवावा, फ्लॅश लावू नये, मोबाइल बरोबर वर समांतर धरावा. जुन्या फोटोला चिकटपट्टी लावू नये, डिंक तर नाहीच. आणि मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीने, रांगेप्रमाणे, नावं लिहावीत. शाळांच्या कचेरीत असे कितीतरी ग्रुप फोटो टांगलेले असतात, नावांशिवाय.

१९८२च्या संपानंतर चाळीतली बरीच बिऱ्हाडं गावी गेली. त्यामुळे आमच्या फोटोतल्या बावीस जणांपैकी नऊच नावं मला जुळवता आली. पेटीवाले बुवा कळले, मृदंगवाले कळले. आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून उभा असलेला गृहस्थ कोण, हे मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही.