गाणं टिकवायचं तर गठ्ठेही बांधावे लागतात

(महिला गटांच्या गाण्याच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)



सकाळपासून आपण गातो आहोत. मोर्च्यातली गाणी झाली, जात्यावरच्या ओव्या झाल्या. आता मला एका अशा बाईविषयी बोलायचं आहे, जी गायिका म्हणून ओळखली जात नाही. तिनं इतर बायकांची गाणी शोधली, त्यांच्या तबकड्या काढल्या, त्या विकल्या आणि गाणाऱ्या बायकांचे जलसे भरवले. थोडक्यात, तिनं गाण्याचं दुकान घातलं. चळवळीत 'दुकान' हा शब्द आपण जरा नाक मुरडूनच उच्चारतो. म्हणून मुद्दाम तिची गोष्ट सांगते.

तिचं नाव रोझेटा राइट्झ. जन्म १९२४ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावचा. तरुणपणी ती न्यूयॉर्क शहरात आली आणि ग्रीनिच व्हिलेज या कवी-चित्रकार-गायकांच्या वस्तीत तिनं पुस्तकांचं दुकान काढलं. लग्न झालं, तीन मुली झाल्या, पुढे घटस्फोट झाला. पोटासाठी तिनं किती उद्योग केले! शेअर दलाली केली, शुभेच्छापत्रांचा धंदा केला, साप्ताहिकात खाण्यापिण्यावर सदर लिहिलं, अळिंबीच्या पाककृतींचं पुस्तकही लिहिलं.

सत्तरच्या दशकात ती स्त्रीमुक्ती चळवळीत आली. चळवळ तेव्हा तरुण मुलींची होती. रोझेटानं वयानं मोठ्या बायकांना एकत्र बसवलं आणि पाळी जाण्याच्या काळाविषयी बोलतं केलं. डॉक्टर याला आजार म्हणत होते, घरात कुणी विचारत नव्हतं. या बोलण्यातून तिचं पुस्तक १९७७ साली आलं. बाईच्या आयुष्याबद्दल आधी बाईलाच विचारायचं, ही तिची रीत. तीच रीत तिनं पुढे गाण्यांना लावली.

ती गाणी म्हणजे ब्लूज. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं हे लोकसंगीत. गुलामगिरी कायद्यानं संपली तरी मजुरी, कर्ज, तुरुंग आणि अपमान संपला नव्हता, त्या काळात ते घडलं. १९२० साली मेमी स्मिथ या काळ्या गायिकेची ब्लूजची तबकडी निघाली आणि धडाक्यानं खपली. काळे लोकही तबकड्या विकत घेतात, हे कंपन्यांना तेव्हा उमगलं. पुढची काही वर्षं बायकांचीच होती. मा रेनी, बेसी स्मिथ, आयडा कॉक्स यांच्या नावावर तंबू आणि थिएटरं भरत.

मग मंदी आली, आवड बदलली आणि तबकड्या बाजारातून गेल्या. इतिहास लिहिणारे आणि तबकड्या जमवणारे बहुतेक पुरुष. त्यांच्या मनातला खरा ब्लूज गायक म्हणजे गिटार घेतलेला एकटा पुरुष. बायकांचं गाणं त्यांना नाटकी, बाजारी वाटलं. बेसी स्मिथ १९३७ साली अपघातात गेली. 'ब्लूजची सम्राज्ञी' म्हणवणाऱ्या या बाईच्या कबरीवर १९७० पर्यंत नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो बसवायला ज्या दोघींनी पैसे दिले, त्यांतली एक गायिका जॅनिस जॉप्लिन आणि दुसरी हुआनिता ग्रीन, जिनं लहानपणी बेसीच्या घरची फरशी पुसली होती.

रोझेटानं १९७९ साली मित्रमैत्रिणींकडून दहा हजार डॉलर उसने घेतले आणि 'रोझेटा रेकॉर्ड्स' ही कंपनी काढली. कंपनी म्हणायची एवढंच, कारण काम बहुतेक तिचं एकटीचं. संग्राहकांकडे जाऊन जुन्या तबकड्या मिळवायच्या, गाणी निवडायची, जुने फोटो शोधायचे, गायिकांविषयी माहिती लिहायची, वेष्टनाची मांडणी करायची आणि शेवटी गठ्ठे बांधून टपालात टाकायचे. अशा दीड डझनाच्या आसपास तबकड्या तिनं काढल्या.

तिनं निवडलं काय, हेही पाहायला हवं. ब्लूजमधली बाई म्हणजे नवरा सोडून गेला म्हणून रडणारी, असा समज होता. रोझेटानं उलट उत्तर देणाऱ्या, हसणाऱ्या, स्वतःचा पैसा आणि स्वतःचं सुख मागणाऱ्या बायका पुढे आणल्या. १९८० साली आलेल्या तिच्या संग्रहाचं नावच 'मीन मदर्स', म्हणजे खमक्या बायका! दुसऱ्या एका संग्रहात आगगाडीची गाणी होती. दक्षिणेतले काळे पुरुष रोजगारासाठी गाडीनं उत्तरेला जात आणि बायका मागे राहत. कोकणातल्या आणि घाटावरच्या ज्या बायकांनी नवऱ्याला मुंबईच्या गिरणीत पाठवलं, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आणखी एक तबकडी मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगातल्या बायकांची. त्यांची गाणी तीसच्या दशकात ध्वनिमुद्रित होऊन सरकारी संग्रहात पडून होती.

१९८४ साली तिनं 'इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम' या बायकांच्या वाद्यवृंदाची तबकडी काढली. चाळीसच्या दशकात या वृंदात काळ्या, गोऱ्या आणि इतर वंशांच्या बायका एकत्र वाजवत. दक्षिणेत तो गुन्हा ठरे, म्हणून गोऱ्या वादक तोंडाला गडद रंग फासून मंचावर बसत.

१९८० साली न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात, न्यूयॉर्कच्या एव्हरी फिशर सभागृहात, रोझेटानं 'ब्लूज इज अ वुमन' हा जलसा उभा केला. निवेदन कार्मेन मॅक्रे यांचं. गाणाऱ्यांत बिग मामा थॉर्नटन होती. १९५३ साली गाजलेलं तिचं गाणं तीन वर्षांनी एल्व्हिस प्रेस्लीनं गायलं आणि तो जगभर पोचला. तिच्या हाती त्या गाण्याचं फारच थोडं पडलं. अशा गायिकेला डोळ्यांसमोर पाहणं, तिचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर छापणं, यालाही मी राजकारण म्हणते.

आता तुमच्यातली एखादी विचारेल, आणि विचारायलाच हवं: रोझेटा गोरी. काळ्या बायकांचं गाणं गोऱ्या बाईनं विकायचं, हा कुठला न्याय? प्रश्न खरा आहे. कंपन्यांनी या गायिकांना गाण्यामागे ठरलेली रक्कम देऊन वाटेला लावलं होतं. बेसी स्मिथलासुद्धा विक्रीवरचं मानधन मिळालं नाही. रोझेटाच्या कामानं तो अन्याय पुसला गेला नाही. पण विसरलेल्या बायकांचं नाव, फोटो आणि आयुष्य तिनं गाण्याला परत जोडलं. तेवढ्यापुरतं श्रेय तिचं, आणि बाकीचा हिशेब अजून बाकीच आहे, असं मी म्हणेन.

हाच हिशेब आपल्याकडे वळवू या. हेमा राइरकर आणि गी पोइतव्हाँ यांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांच्या कामातून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या आणि गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव ओवीला जोडलेलं राहिलं. म्हणजे हे होऊ शकतं. पण आपण गटांमध्ये काय करतो? एखादी मावशी शिबिरात गाणं म्हणते, आपण ते उतरवून घेतो, पुस्तिकेत 'पारंपरिक' असं छापतो आणि दहा रुपयांना विकतो. मावशीला पुस्तिकेची प्रतही जात नाही. नव्या ओळी तिनं रात्री जागून जुळवलेल्या असतात. 'पारंपरिक' म्हटलं की बाई पुसली जाते.

म्हणून माझं मागणं साधं आहे. गाणं उतरवताना बाईचं नाव, गाव आणि तिला हवं असेल ते तिच्याविषयी लिहून घ्या. छापायच्या आधी तिला विचारा. पुस्तिका, कॅसेट, व्हिडिओ, जे काही निघेल त्याची प्रत तिच्या घरी पोचवा. विक्रीचा हिशेब ठेवा आणि तिचा वाटा द्या, पाच रुपये असले तरी. आणि हे काम करणाऱ्या मैत्रिणीला 'ती काय, नुसते गठ्ठे बांधते' असं म्हणू नका.

रोझेटा राइट्झ २००८ साली वारली. तिची कागदपत्रं आज ड्यूक विद्यापीठात जपून ठेवलेली आहेत. आपली कागदपत्रं कुठे आहेत? माझ्या माहितीप्रमाणे बहुतेक कुणाच्या तरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. दुपारच्या जेवणानंतर वह्या घेऊन बसू या. सकाळी जिनं जिनं गाणं म्हटलं, तिचं नाव आधी लिहू.