सुभग ओळखताना
(हीरकमहोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



शाळेच्या साठ वर्षांचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी घेतलाच आहे. मी आज एका लहानशा पक्ष्याविषयी बोलणार आहे, कारण त्याने माझी एक चूक माझ्या पदरात घातली.

काही वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही सातवीच्या मुलांना इंदूरजवळच्या रालामंडल अभयारण्यात नेले होते. पानगळीचे ते रान पावसाने हिरवेगार झाले होते. झाडीतून एक लांब, तरल शीळ आली आणि शेवटी एकदम खाली उतरली. पाठोपाठ त्याच बाजूने किचकिचाट ऐकू आला. "हे दोन निरनिराळे पक्षी आहेत," मी अधिकारवाणीने सांगितले. मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, दोन्ही आवाज एकाचेच आहेत. आमच्या घरामागच्या चिंचेवर तो रोज येतो." मी तिला गप्प केले. त्याच सत्रात तिच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला होता : 'वर्गात लक्ष नसते.'

पाच-दहा मिनिटांत तो पक्षी उघड्या फांदीवर आला. त्याने आधी शीळ घातली, मग किचकिच केली. मुलीचेच खरे होते.

तो सुभग होता. हिंदीत त्याला शौबीगी म्हणतात. आकार चिमणीएवढा, पोट पिवळे, पाठ हिरवट, काळसर पंखांवर दोन ठळक पांढऱ्या पट्ट्या. चष्मेवाला पक्षीही हिरवा-पिवळाच. पण त्याच्या डोळ्याभोवती पांढरे कडे असते आणि पंखांवर पट्ट्या नसतात. विणीच्या हंगामात सुभग नराच्या पाठीवर काळा रंग चढतो. मादी हिरवटच राहते. ही जोडी पानापानांतून अळ्या टिपत हिंडते, प्रसंगी उलटी लटकते आणि एकमेकांना सतत साद घालते. पानांत मिसळून गेलेला हा पक्षी म्हणूनच डोळ्यांआधी कानांना सापडतो.

त्या दिवशी आम्ही त्याचे नृत्यही पाहिले. नर सरळ वर उडाला, पिसे फुलवून चेंडूसारखा झाला आणि गिरक्या घेत फांदीवर उतरला. मग त्या मुलीने मला चिंचेवरच्या घरट्याचे वर्णन सांगितले : फांदीच्या बेचक्यात गवताची इवलीशी वाटी, बाहेरून कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपलेली. दोघेही आळीपाळीने पिल्लांना भरवतात, हे तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले होते.

मला 'सुभग' हे नाव पुस्तकातून ठाऊक होते, पक्षी ठाऊक नव्हता. तिला पक्षी ठाऊक होता, नाव नव्हते. परतीच्या वाटेवर मी तिला नाव सांगितले. तिने ते दोनदा उच्चारून पाहिले, आणि बसमधल्या सर्वांना सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी तिचे प्रगतिपुस्तक मागवून घेतले. शाईने लिहिलेला शेरा खोडणे योग्य नव्हते. त्याखाली लिहिले : 'निरीक्षण उत्तम. वरील शेरा अपुरा आहे.' गणितात ती पुढेही बेताचीच राहिली. पण वर्गात हात वर करू लागली.

पालकहो, महाराष्ट्राबाहेर मराठी शाळेत मूल घालून काय मिळते, असे आपल्याला वारंवार विचारले जाते. माझे उत्तर साधे आहे. मुलाने स्वतः पाहिलेल्या गोष्टीला घरच्या भाषेत नाव मिळते, आणि ती गोष्ट सांगायचे धैर्य येते. मात्र त्यासाठी ऐकणारा माणूस हवा. मी त्या दिवशी ऐकायला उशीर केला. आपले मूल खिडकीशी उभे राहून "इकडे या ना" म्हणेल, तेव्हा आपण उशीर करू नये, एवढीच विनंती.