ठिबकणाऱ्या नळापुढे



१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ इथे रॉबर्ट शॉ, डॉइन फार्मर, नॉर्मन पॅकर्ड आणि जेम्स क्रचफिल्ड हे चार विद्यार्थी एकत्र आले. शॉचा अतिवाहकतेवरचा प्रबंध जवळजवळ पुरा झाला होता. तो बाजूला सारून शॉ एका अ‍ॅनालॉग संगणकावर लॉरेन्झची समीकरणं चालवत बसला. हवामानाचा अभ्यास करताना लॉरेन्झनी १९६३ साली मांडलेली ही समीकरणं तीनच, पण त्यांचं उत्तर गेल्या वाटेनं पुन्हा कधी जात नाही. विभागात या विषयाचा गाईडच नव्हता. चौघं एकमेकांचे गाईड झाले. पुढे शॉनं ठिबकणाऱ्या नळाचा अभ्यास हाती घेतला आणि १९८४ साली त्यावर पुस्तक लिहिलं.

तो नळ मी माझ्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला. तिघांचा गट. तोटीखाली प्रकाशाची तिरीप, पलीकडे सेन्सर. थेंब आडवा गेला की वेळेची नोंद. मग आलेखावर दोन थेंबांमधल्या वेळेचं एक अंतर आडवं आणि त्याच्या पुढचं उभं घ्यायचं. नळ अगदी बारीक असला की सगळे ठिपके एकाच जागी पडतात. जरा सोडला की लांब-आखूड, लांब-आखूड अशी जोडी लागते, ठिपके दोन होतात. आणखी सोडला की ताल मोडतो.

इथं एका मुलीनं लाल पेन उचललं. वेडीवाकडी रीडिंग्ज खोडायची, ही जर्नलची जुनी सवय. तिच्या जोडीदारानं वही ओढून घेतली. ‘आधी काढून तर बघू.’ त्यांनी सगळे ठिपके काढले. ते कागदभर विखुरले नाहीत, एका वाकलेल्या रेघेवर येऊन बसले. नुसता गोंधळ असता तर ही रेघ आली नसती. थेंब सुटला की तोटीला उरलेलं पाणी थरथरतं, आणि त्या थरथरीवर पुढचा थेंब कधी सुटणार ते ठरतं. बेतालपणाच्या पोटात नियम आहे, याला केऑस म्हणतात.

एकट्या मुलीनं त्या नोंदी खोडल्या असत्या, याबद्दल मला शंका नाही. म्हणून मी गटाचा आग्रह धरतो. एकानं नळाला पाणी पुरवणाऱ्या टाकीतली पातळी सांभाळायची, एकानं नोंदी घ्यायच्या, एकानं शंका काढायच्या, आणि ही कामं आलटूनपालटून करायची. आमच्याकडे मात्र प्रोजेक्ट म्हणजे गेल्या वर्षीच्या फायलीवर नवं कव्हर. तोंडी परीक्षेतही ‘उत्तर पुस्तकाशी जुळलं का?’ एवढंच विचारतात. याचं मला मनापासून दुःख होतं.

सांताक्रूझच्या चौघांनी १९८० साली एक शोधनिबंध छापला. एकाच मोजमापाच्या मालिकेतून पूर्ण प्रणालीचा आकार उभा करता येतो, हे त्यांनी त्यात दाखवलं. आमच्या तिघांच्या हाती तेच होतं, फक्त थेंबांच्या वेळा. पंख्याच्या वाऱ्यानं थेंब हलतात हे कळल्यावर त्यांनी पंखा बंद केला आणि मे महिन्यात, घामानं भिजत, दुसरी हजार रीडिंग्ज घेतली.